कुतैबाची तीनचाकी

सल्त, २० सप्टेंबर २००४

हनादी,

तुझी चिठ्ठी मुईनने दिली. आपला भाऊ ट्रक चालवतो तसाच निरोपही देतो, हॉर्न न वाजवता थेट अंगावर. मी अंगणात गालिचा झटकत होते. "अकाबाहून आलीय, घे," म्हणाला आणि चहालाही थांबला नाही. पाकिटावर तू 'उम्म कुतैबा' असं लिहिलंयस. कुतैबाची आई. गल्लीत मला अजून सगळे तसंच हाक मारतात, पण तुझ्या अक्षरात ते वाचून मी गालिचा तसाच टाकून आत आले.

तू फोन केला असतास तर मी ठेवून दिला असता. तुला ते माहीत आहे. म्हणून तू लिहिलंस, आणि मीही म्हणूनच लिहितेय. तू फक्त बाबागाडीबद्दल विचारलंयस, तेव्हा मीही फक्त तेवढ्याबद्दलच लिहिते.

तीनचाकीच घे. चार बारक्या चाकांची आम्ही आधी घेतली होती, आठवते का? सल्तच्या उतारांवर तिची चाकं पहिल्याच हिवाळ्यात निखळली. दगडी फरशीच्या फटीत अडकली की पोराचं डोकं पुढे आपटायचं. अकाबात चढ नाहीत, पण वाळू आहे, आणि वाळूत बारकी चाकं रुततात. मोठी चाकं बघ, हवा भरायची. भरीव रबराची स्वस्त पडतात, पण प्रत्येक खड्डा थेट पाठीत जातो.

दुकानात रिकामी गाडी ढकलून बघू नकोस. रिकामी सगळीच छान चालते. तांदळाची गोणी ठेवायला सांग आणि मग एका हाताने वळवून बघ. अम्मानच्या दुकानदाराने माझी चेष्टा केली होती, "बाई, ही तर धावायला जाणाऱ्या परदेशी बायांची गाडी. तुम्ही कुठे धावणार?" मी म्हटलं, "तुझ्या दुकानापर्यंत चढून आले ना, तेवढं धावणं पुरे." तो हसला, पण गोणी आणली. तीन चाकांची एक खोड असते, घाईने वळवलीस तर ती बाजूला कलते. आणि दांड्याला पिशव्या लटकवू नकोस. मी एकदा संत्र्यांची पिशवी लटकवली आणि गाडी मागच्या मागे उलटली. कुतैबा आभाळाकडे बघत म्हणाला, "ड्रायव्हर, आपण कुठे चाललोय?" गाडी ढकलणाऱ्या प्रत्येकाला तो ड्रायव्हर म्हणायचा, हे तू विसरली नसशील.

त्याची गाडी मी केव्हाच देऊन टाकली. झर्क्याच्या एका बाईला. तेव्हा ती मागायचा विचार मनात असेल तर काढून टाक.

इथेच थांबणार होते. पण तुझी चिठ्ठी मी परत वाचली. पाठ पूर्ण आडवी होते का, मान कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा बसवता येतात का, छातीवरून पट्टा असतो का. हनादी, नऊ महिन्यांच्या मुलाची आई हे विचारत नाही. ती विचारते, उन्हाची टोपी येते का आणि बाटली कुठे ठेवायची.

इयास बसतो का गं? उताणा निजवला की पाय झाडतो का?

मैसून

*

सल्त, २४ ऑक्टोबर २००४

हनादी,

रोजा सोडून, भांडी आवरून बसलेय. हातिम मशिदीत गेलाय. तुझं पत्र आलं त्याला आठवडा झाला, पण लिहायला हात धजत नव्हता. एक गोष्ट आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

"तो पाय झाडत नाही, मैसून. कापसाच्या बाहुलीसारखा हातात येतो," हे तुझं वाक्य वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. आता हिला कळेल, असं वाटलं. मग मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळलं. तुझ्या मुलाने माझं काय बिघडवलं होतं? हे वाचून तू पत्र फाडलंस तरी मी काही म्हणणार नाही.

तुझे डॉक्टर म्हणतात, मूल आळशी आहे, सावकाश शिकेल. आमच्याही डॉक्टरांनी आधी असंच सांगितलं होतं. अम्मानला ने. मोठ्या इस्पितळात मज्जातंतूंचा विभाग आहे, तिथे दाखव. आम्हाला तिथेच कळलं की हे रक्तातून येतं, आणि आई-बाप दोघांकडून आलं तरच मूल असं होतं. हातिम माझा नवरा होण्याआधी माझा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे आमचं कोडं सोपं होतं. तुझा सखर आपल्या कुळातला असला तरी त्याचं घर तीन पिढ्यांपूर्वी अकाबाला गेलेलं. त्यांच्यात असं कुणी नाही, हे तेव्हा बाबांनी विचारून घेतलं होतं. म्हणजे आईचं म्हणणं असं, की विचारून घेतलं होतं.

आता त्या दिवसाबद्दल. तू पत्रात लिहिलंयस, 'मी त्याला अर्ध्या तासासाठी ठेवलं होतं.' तसं नव्हतं. तुझ्या मागणीसाठी अकाबाचे लोक येणार म्हणून सकाळपासून आई माझ्या मागे होती. "पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर गाडी नको गं. उद्या लोक म्हणतील, या घरातल्या मुलींना अशी पोरं होतात." मी म्हटलं, तो माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसेल. पण मी वेलदोडे कुटत असताना तू आलीस आणि गाडीचा दांडा धरलास. "चल, लपाछपी खेळू. अजिबात आवाज करायचा नाही," असं त्याला म्हणालीस. मला वाटलं आईच्या खोलीत नेतेयस. तू त्याला मागच्या कोठारात, तेलाच्या डब्यांपाशी ठेवलंस. डिसेंबर, आणि दार फटींचं.

पुरुष बैठकीत बसले. तुझे सासरे अबू सखर यांनी रिवाजाप्रमाणे कॉफीचा कप पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "मागणी मान्य झाल्याशिवाय आम्ही घोट घेणार नाही." बाबा म्हणाले, "दिली मुलगी. प्या कॉफी." सगळ्यांनी कप उचलले. मग मिठाई, मग जेवण, मग कुणाचा तरी आजोबा कुणाबरोबर लढाईत होता ते. कोठारात गेले तेव्हा त्याचे ओठ निळे होते. मला बघून हळूच म्हणाला, "ड्रायव्हर, मी जिंकलो ना?"

महिन्याने तो गेला. डॉक्टर म्हणाले, छाती अशक्तच होती, या हिवाळ्यात नाही तर पुढच्या. मी ते ऐकलं आणि तरी दुखवट्याच्या बैठकीत, सगळ्या बायांसमोर, तुला म्हणाले की माझ्या दारात परत येऊ नकोस. तू आली नाहीस.

आणि आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट, जी तू सहज लिहून गेलीस. 'सासूबाई त्याला फार छान उचलतात. त्यांचा एक हात आधी मानेखाली जातो, दुसरा दोन्ही गुडघ्यांखाली, आणि मग त्या त्याला छातीशी कलता धरतात म्हणजे त्याला खोकता येतं.' हनादी, हे छान उचलणं नाही. साध्या मुलाला कुणी असं उचलत नाही. मला हे शिकायला वर्ष लागलं, आणि तेव्हा फिजिओच्या बाईने माझे हात धरून शिकवलं होतं.

उम्म सखरना विचार, त्यांचं मूल कोण होतं.

मैसून

*

सल्त, २२ नोव्हेंबर २००४

हनादी,

तुझं पत्र वाचून मी जैतुनाच्या झाडाखाली तशीच बसून राहिले. चादर अंथरलेली, फळं अर्धी वेचलेली. हातिम शिडीवरून दोनदा ओरडला, "काय झालं? मुईनने अपघात केला का?" मी त्याला पत्र वाचून दाखवलं. तो खाली उतरला, चादरीवर बसला आणि कितीतरी वेळ पानं चुरत राहिला.

सनाबिल. चार वर्षं जगली आणि तुला घरात येऊन अडीच वर्षं झाली तरी कुणी तिचं नाव घेतलं नाही. मागच्या खोलीत वाढली, म्हणतेस. पाहुणे आले की दार बंद. तिचा एक फोटोही नाही. आणि ते सगळं आटोपल्यावर, काही वर्षांनी, तिचे बाबा आपल्या बैठकीत येऊन कॉफीचा कप समोर ठेवून बसले. भिंतीपलीकडे कुतैबा आवाज न करता लपाछपी खेळत होता. आपण त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी आपल्यापासून. कप निवेपर्यंत तरी कुणीतरी काहीतरी विचारायचं! एवढे दाढीवाले बसले होते.

मी उम्म सखरना शिव्या द्यायला शब्द शोधत होते. मग तू लिहिलेलं त्यांचं बोलणं वाचलं, "पोरी, तुझ्या मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच मला कळलं. मी तेव्हापासून जेवले की उलटी होते."

अम्मानचा निकाल आला, तोच आजार निघाला. त्याबद्दल मी तुला धीराचं काही लिहिणार नाही. मला लोकांनी पुष्कळ लिहिलं होतं आणि त्यातलं काही कामाला आलं नाही. कामाचं एवढंच सांगते, त्याला पडल्या पडल्या भरवू नकोस, आणि सर्दी झालेल्या कुणालाही जवळ येऊ देऊ नकोस, मग ती आई असली तरी.

आता शुक्रवारचं. तुझ्या नणंदेला, शुरूकला, मागणी घालायला मआनचे लोक येणार आहेत आणि त्या दिवशी इयासला मागच्या खोलीत ठेवायचं असं घरात ठरलंय. सनाबिलच्या खोलीत. तू विचारतेस, मी काय करू.

मला एकदम लिहावंसं वाटलं, बाहेर काढ त्याला, बैठकीच्या मधोमध उभी कर गाडी. पण शुरूक वीस वर्षांची आहे. तिच्या जागी तू होतीस तेव्हा तू गाडीचा दांडा का धरलास, हे मला आता कळतं. तुला माझ्या मुलाचा राग नव्हता, तुला घर हवं होतं. शुरूकलाही हवंय. त्याला खोलीत ठेवलंस तर ती मआनला जाईल आणि तिथे तिच्या मुलाचं काय होईल, कुणास ठाऊक. बाहेर आणलंस तर ती कदाचित कुठेच जाणार नाही. यातलं काय करावं ते मी तुला सांगणार नाही. मुलगा तुझा आहे.

फक्त एक खोटं दुरुस्त करते. मी गाडी कुणाला दिली नाही. झर्क्याची बाई वगैरे कुणी नाही. गाडी इथेच आहे, दिवाणाच्या मागे, चादरीखाली. दर गुरुवारी मी चादर काढते. टायर दाबून बघते, मऊ लागले तर पंपाने हवा भरते. मागचं डावं चाक जरा गळतं, त्याची ट्यूब मी दोनदा बदलली. आसनाचं कापड काढून धुते, सावलीत वाळवते, कारण उन्हात त्याचा निळा रंग उडतो. चाकांच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल घालते. आई एकदा घरचं जैतुनाचं तेल घालून मोकळी झाली होती, "आपल्या झाडाचं आहे, बरकत येईल," म्हणून. बरकत कसली, धूळ बसून सगळा चिकटा झाला. कुतैबा दोन दिवस बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझी गाडी आजीने तळून ठेवलीय."

हातिमने मला कधी विचारलं नाही की रिकाम्या गाडीत हवा कशाला भरतेस. एकदा फक्त नवा पंप आणून ठेवला.

गुरुवारी मुईन बंदरावर माल आणायला निघेल. त्याच्या ट्रकमध्ये गाडी येईल आणि मीही येईन. मुईन म्हणतो, "वाळवंटातून सहा तास तुझी बडबड ऐकायची म्हणजे माझे पैसे वाढवून द्या." तू मला दारात घेतलं नाहीस तर मी ट्रकमध्ये झोपेन.

मैसून

*

सल्त, २० डिसेंबर २००४

हनादी,

घरी पोचून तीन आठवडे झाले, तुझं पत्रही आलं. इथे सगळ्यांनी विचारलं, समुद्र बघितलास का? खरंच, बघितला नाही.

त्या दिवशी जे झालं ते तुला माहीत आहे. पण तू पुढे बघत होतीस आणि मी तुझ्या मागे होते, म्हणून मागचं सांगते. मी स्वयंपाकघरात वेलदोडे कुटत होते. पुन्हा तेच काम माझ्याकडे आलं होतं. तू इयासला गाडीत ठेवलंस, पट्टे लावलेस, मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल बसवलेस. मला वाटलं मागच्या खोलीकडे वळशील. मी मनात म्हटलंही, वळली तर वळू दे, मी हिला परत कधी दोष देणार नाही. मग तू गाडी बैठकीकडे वळवलीस आणि माझ्या हातातला बत्ता थांबला.

उम्म सखर बैठकीच्या दारात उभ्या होत्या. शुरूक मागून किंचाळल्यासारखं कुजबुजली, "आई, तिला अडव! तुला माझी शपथ!" मलाही वाटलं त्या दार लावून घेतील. त्यांचा हात दारावर होताच. मग त्यांनी खाली बघितलं. उंबरा उंच आहे, पुढचं चाक अडलं होतं. त्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी ते चाक उचलून आत ठेवलं. तुला वाटलं असेल, गाडी सहज गेली. सहज नव्हती गेली.

आत मआनच्या त्या म्हाताऱ्या हाजींसमोर कॉफी तशीच ठेवलेली होती. "हे मूल कुणाचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तुझे सासरे गालिच्याकडे बघत बसले. आणि दारातून, जिथून बायका बोलत नाहीत, तिथून उम्म सखर म्हणाल्या, "आमचा नातू आहे. माझी एक मुलगी होती, अशीच. सनाबिल तिचं नाव. हे आमच्या रक्तात आहे. आता काय ते ठरवा."

तेवढ्यात इयास शिंकला. तुझ्या नवऱ्याने उठून त्याचं नाक पुसलं. मी सखरकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. चांगला माणूस वाटला.

हाजी वाईट वागले नाहीत. अल्लाह तुमचं सोपं करो, म्हणाले, इयासच्या डोक्यावर हात ठेवला, घरी विचार करून कळवतो म्हणाले. पण कप कुणी उचलला नाही. ते गेल्यावर बैठकीत सगळे कप काठोकाठ भरलेले, ओळीने. शुरूकने ते आणले आणि मोरीत एकेक ओतायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तुमचा मुलगा तर गेला. माझं घर मोडायला एवढ्या लांबून आलात?"

मी कप पुसत राहिले. तिला सांग, म्हणजे ती तुझ्याशी बोलायला लागली की सांग, की मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. मुईन म्हणत होता, मआनच्या मुलाने रक्त तपासायला दिलंय. ट्रकवाल्यांच्या गप्पा आहेत, तिला सांगू नकोस. खरं निघालं तर कळेलच.

आता गाडीचं. तिकडची हवा खारी आहे, ती लोखंड खाईल. समुद्रावरून आलीस की गोड्या पाण्याचं फडकं फिरव आणि कोरडं करून ठेव. वाळू ब्रेकच्या दातांत बसते, जुन्या दात घासायच्या ब्रशने काढ. भर दुपारी उन्हात उभी करू नकोस, टायर फुगून फुटतील. पुढच्या चाकाला खटका आहे. सपाट रस्त्यावर चाक मोकळं ठेव, वाळूत सरळ करून अडकव. आणि दांड्याला जो नाडीचा फास आहे तो मनगटात घातल्याशिवाय उतारावर जाऊ नकोस. मशीनचं तेल पाठवतेय. आईने जैतुनाचं पाठवलंय, ते जेवणात वापर.

आई इयासचा फोटो मागतेय. मी म्हटलं, गाडीतला मागवते. तिने भिंतीवर जागा केलीय.

रात्रीचा खोकला वाढलाय म्हणतेस. छातीतला कफ पाठीवर थापून कसा काढायचा ते उम्म सखरना माझ्याइतकंच येतं, तेव्हा त्यांना उठव, एकटी बसू नकोस. तू विचारलंस, माझ्याकडे किती वर्षं होती. सहा. तुला किती मिळतील ते मला माहीत नाही. इयासचा आजार कुतैबाहून फार लवकर दिसला, म्हणून मी जास्त बोलत नाही. त्याला रोज बाहेर ने. कुणी विचारलं, मोठा झाला तरी गाडीत का, तर सांग. प्रत्येकाला सांग.

काल गुरुवार होता असं समजून मी चादर काढायला गेले. गुरुवार नव्हता आणि गाडीही नव्हती. हातिम पंप तुझ्याकडे पाठवायचा म्हणतोय. मी म्हटलं, राहू दे इथेच.

एकच मागणं आहे. गाडी रिकामी होईल त्या दिवशी ती मुईनबरोबर परत पाठवू नकोस. चादरीखालीही ठेवू नकोस. मला फोन कर. मी ठेवून देणार नाही. मी येईन, आणि गाडी आपण दोघी मिळून धुऊ.

तुझी,
उम्म कुतैबा